माझ्या चेहऱ्याचे सेफ्टी ऑफिसर

“चेहरा बघितलास तिचा? उकडून सोललेला बटाटा झालाय नुसता.”

“खालचे काका करतायत ना काहीतरी. ॲसिड लावतात म्हणे.”

“अगं बाई! मग पोलिसांत नाही गेलं कुणी?”

“नाही गं. प्रेमाने लावतात.”

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं दार मिटतं आणि कधीकधी काही कारण नसताना पुन्हा उघडतं. त्या दोघींना वाटलं मी वर गेले. मी आतच होते. दार उघडलं आणि आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्यातली एक म्हणाली, “काय गं, ऑफिस काय म्हणतंय?” मी म्हटलं, “छान.” आणि दाराने या वेळी माझ्यावर उपकार केले. वर जाताना मी लिफ्टच्या आरशात पाहिलं. बटाट्याची उपमा चांगली होती. प्रेमाची गोष्टही खरी होती. सगळी अडचण त्या प्रेमाचीच होती.

खालच्या मजल्यावरचे काका हे मुलुंडमधले, किंबहुना या बाजूच्या सगळ्या उपनगरांतले सर्वांत सुरक्षित गृहस्थ आहेत आणि त्यांच्या सुरक्षिततेतून आजवर कुणी धडपणे बाहेर आलेलं नाही. ते मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, काका शिकले आणि ट्रॉम्बेच्या बाजूला एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून त्यांचं सगळं आयुष्य गेलं. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी वर स्वतःचं हेल्मेट मागून घेतलं. ते हेल्मेट अजून त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी खुंटीला असतं आणि दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल मिळतं. काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्यापासून काही अंतरावर जमिनीला पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. कुकर चढवला की तिसरी शिट्टी होईपर्यंत पट्टीच्या आत पाऊल टाकायचं नाही. गरम तवा घेऊन वळताना काकूंनी मोठ्याने “हॉट!” असं ओरडायचं, हाही नियम. काकूंची बहीण एकदा चार दिवस राहायला आली होती, ती पहिल्याच सकाळी इतकी दचकली की तिने गावच्या देवीला नारळ बोलला. गणपतीत उकडीचे मोदक चाळणीतून काढताना काकूंच्या हातात कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे असतात. “नैवेद्य दाखवतेय की नाल्यात उतरतेय, देवालाच ठाऊक,” असं त्या म्हणतात, पण हातमोजे घालतात.

बाहेर तर त्यांना नेणं हेच एक साहस असतं. हॉटेलात ते मेन्यूकार्डाआधी बाहेर पडायचा रस्ता बघतात. घाटकोपरला आमच्या ओळखीतल्या एका लग्नात हॉलच्या मागच्या दाराशी केटररने ताटांच्या चळती रचून ठेवल्या होत्या. मंगलाष्टकं चालू असताना काकांनी त्या चळती हलवायला लावल्या. ताटांचा असा काही खडखडाट झाला की भटजींना ‘सावधान’ दोनदा म्हणावं लागलं, आणि पंगत इतकी लांबली की मुलाकडचे लोक रुसून आइस्क्रीम खात बसले. काका मात्र मोकळ्या झालेल्या त्या दाराशेजारी खुर्ची टाकून अत्यंत समाधानाने बसले होते. “आता लग्न लागू दे,” ते मला म्हणाले. जणू तोवर लागत होतं ते बेकायदा होतं.

सोसायटीतही त्यांनी एकदा आग लागल्याची तालीम घेतली होती. रविवारी सकाळी जिन्यात उभं राहून शिट्टी वाजवली. सूचना नोटीस बोर्डावर लावली होती. पण आमच्याकडे नोटीस बोर्ड फक्त चोरीला गेलेल्या चपलांसाठी वाचतात. लोक खरोखरच आग लागली म्हणून धावले. कुणी दूध उतू जाताना सोडून आलं, एक आजोबा अर्ध्या गालाला साबण लावलेले आले, सेक्रेटरी पंचा गुंडाळून आले आणि त्यांच्या पंच्याबद्दल बिल्डिंगमध्ये अजून बोललं जातं. काका हातातल्या घड्याळाकडे बघून खेदाने मान हलवत होते. “सगळे मेलात,” त्यांनी खाली जमलेल्या मंडळींना जाहीर केलं. त्यानंतर कमिटीने एकमताने ठरवलं की काकांनी यापुढे शिट्टी वाजवू नये.

हे सगळं हसून सांगता येतं, कारण ते दुसऱ्यांचं आहे. माझ्या वाट्याचे काका वेगळे. माझे बाबा गेले त्या आठवड्यात घरात माणसं येत होती, आईचा हात हातात घेत होती, माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं. काका आले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. वाटीत साबणाचं पाणी केलं आणि ते गॅसच्या नळीला बोटाने लावून बुडबुडे येतात का ते बघत बसले. बराच वेळ बसले. मग आईला म्हणाले, “वहिनी, गळती नाही. मी दर महिन्याला बघून जाईन.” आणि ते दर महिन्याला येतात. अजूनही. त्यामुळे आमच्या घरात काकांविरुद्ध बोलायची सोय नाही. मी कधी नुसता सुस्कारा सोडला तरी आई म्हणते, “त्या वेळी कोण धावलं होतं, आठवतंय ना?” आठवतंय. म्हणूनच तर.

त्यात मी मुळात न बोलणारी. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी इंग्रजी बोललं की हसायचे, तेव्हा मी मधला मार्ग काढला आणि गप्प बसायला शिकले. आता अंधेरीच्या एका ऑफिससाठी घरून काम करते. ईमेल उत्तम लिहिते. पण समोरच्या माणसाला ‘नको’ म्हणायचं झालं की ते वाक्य डोक्यात तयार होऊन तोंडापर्यंत येईस्तोवर समोरचा माणूस दोन विषय पुढे गेलेला असतो. आणि काकांना दोन विषय पुढे जायला वेळ लागत नाही.

माझ्या गालांवर शाळेपासून पुरळ आहे. त्यासाठी मी मोठ्या हिंमतीने ऑनलाइन काही सीरम मागवली. पार्सल आलं तेव्हा आम्ही घरी नव्हतो, म्हणून डिलिव्हरीवाल्याने ते काकांकडे ठेवलं. संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात प्लॅस्टिकचं घमेलं, घमेल्यात वाळू आणि वाळूत माझं पार्सल. खोक्यावरच्या बिलात काय काय आहे ते त्यांनी वाचलं होतं.

“वहिनी, तुमच्या घरात ॲसिड आलंय. तीन प्रकारचं.”

“अहो, ते तोंडाला लावायचं असतं,” आई म्हणाली.

“कोणाच्या?”

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. काका घमेल्यासकट सोफ्यावर बसले. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघणाऱ्यांचे दोनच प्रकार मला ठाऊक होते. काही लोक चटकन दुसरीकडे बघायचे आणि काही लोक कडुनिंबाचा पाला सुचवायचे. काकांनी माझ्या गालांकडे असं पाहिलं, जसं एखादं जबाबदारीचं काम पाहावं.

“बाय,” ते म्हणाले, “एकटीने करायचं काम नव्हे हे. उद्यापासून रात्री आठ वाजता खाली ये. सामान घेऊन.”

मी मान हलवली. ती ‘नाही’ अशी हलवायची होती. पण हलली उभी.

दुसऱ्या दिवशी खाली गेले तर त्यांच्या बेसिनजवळची जागा रिकामी करून ठेवली होती. काकांच्या डोळ्यांवर कारखान्यातला जुना चष्मा होता, वर्षानुवर्षं घासून घासून पिवळट झालेला, ज्यातून त्यांना सगळं जग एकाच रंगाचं दिसत असावं. मला पोहण्याचा गॉगल मिळाला. काकू पाण्याने भरलेली बादली आणि प्लॅस्टिकचा मग घेऊन बाजूला उभ्या. ॲसिड अंगावर उडालं तर पाणी ओतायला कारखान्यात असतो, तो इमर्जन्सी शॉवर म्हणजे त्या होत्या.

“हे रोज करायचं?” काकूंनी विचारलं.

“तू बोलू नकोस. शॉवर बोलत नाही.”

“शॉवरची मालिका लागते आठला,” काकू म्हणाल्या आणि हातातला मग खांद्यावर घेऊन उभ्या राहिल्या.

आधी पाच मिनिटं सुरक्षेचं व्याख्यान, मग बाटल्यांची तपासणी. काकांनी प्रत्येक बाटलीला रंगीत इन्सुलेशन टेप लावली. त्यांचं एक तत्त्व होतं, “लेबलवर विश्वास ठेव, माणसावर नको.” त्यानुसार ज्याच्या नावात ॲसिड ते लाल, ज्याच्या नावात नाही ते हिरवं. ग्लायकोलिक ॲसिड लाल. सॅलिसिलिक ॲसिड लाल. इथवर ठीक होतं. हायल्युरॉनिक ॲसिडलाही लाल टेप मिळाली, जे बिचारं नावापुरतं ॲसिड असतं आणि त्वचेत पाणी धरून ठेवण्यापलीकडे कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते महिन्यातून एकदाच, तेही हातमोजे घालून वापरायचं ठरलं. आणि रेटिनॉलच्या नावात ॲसिड नसल्यामुळे त्याला मिळाली हिरवी टेप. म्हणजे रोज. म्हणजे ग्लायकोलिकवरसुद्धा. रेटिनॉल आणि ग्लायकोलिक एकाच रात्री एकावर एक लावू नये, दोन्ही त्वचा सोलवटणारी असतात, नवीन माणसाने तर एका वेळी एकच सुरू करावं, हे मी वाचलं होतं, तीन ठिकाणी वाचलं होतं. वाक्यही तयार झालं होतं. पण तोवर काका सोड्यावर आले होते.

काकांच्या कारखान्यात ॲसिड सांडलं की त्यावर सोडा टाकायचे. तिथे ते बरोबरच होतं. जमिनीला फेस येतो, ॲसिड मरतं, माणसं वाचतात. सगळं आयुष्य ज्याने सोड्याने माणसं वाचवली, त्याला माझा गाल वेगळा का वाटावा? म्हणून ॲसिड लावून झालं की भांडंभर पाण्यात खायचा सोडा कालवायचा, त्यात फडकं बुडवायचं आणि गाल पुसून काढायचे. मग कुण्या जुन्या सहकाऱ्याकडून आणलेल्या लिटमससारख्या कागदाच्या पट्टीने ॲसिड उरलंय का ते तपासायचं. पट्टी ओल्या गालाला लावून काका ती ट्यूबलाइटखाली धरायचे आणि रंग मनासारखा आला की म्हणायचे, “न्यूट्रल! झकास.” माझ्याइतका न्यूट्रल चेहरा तेव्हा मुलुंडमध्ये दुसरा नसेल.

तुम्ही म्हणाल, माणूस सेफ्टीवाला, मग आधी तपासून नाही का बघायचा? बघायचा ना. प्रत्येक बाटलीतला थेंब आधी तो स्वतःच्या हातावर घ्यायचा. काकांच्या हाताची कातडी तुम्ही पाहिलेली नाही. तिच्यावर कारखान्याने आपलं सगळं करून झालेलं होतं. कोपरापासून मनगटापर्यंत ती कोल्हापुरी चपलेच्या तळव्यासारखी होती. तिच्यावर सीरमचा थेंब पडला की तो थेंबच बिचकायचा. काका डोळे मिटून वाट बघायचे, “काही नाही!” म्हणायचे आणि तोच थेंब माझ्या गालावर यायचा. काम संपल्यावर मी अंगठा वर करायचा, म्हणजे सगळं ठीक. कारखान्यात आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथे अंगठ्याची पद्धत होती. माझ्यासारखीला ती पद्धत फारच सोयीची पडली. मी अंगठा वर करत होते. आठवडा, दोन आठवडे, महिना. आधी गाल ताणले, मग लाल झाले, मग त्यांची सालं निघायला लागली. मी खाली जायच्या आधी डाग झाकणारं कन्सीलर लावत होते, म्हणजे काकांना वाईट वाटू नये म्हणून. त्या कन्सीलरवर ग्लायकोलिक, त्यावर रेटिनॉल, त्यावर सोडा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. विचारलं की नेट स्लो आहे.

प्रयत्नच केला नाही, असं नाही. मी काकांना सीरम एकत्र वापरण्याबद्दलचा एक इंग्रजी लेख व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि रात्री म्हणाले, “चांगला होता लेख. पण तो थंड हवेतल्या लोकांसाठी आहे. आपला घाम बघ.” आईला म्हटलं, तू सांग. आई म्हणाली, “मी नाही बाई. तू सांग ना हळूच.” हळूच सांगायचं तर मला चांगलं येत होतं, इतकं हळू की कुणाला ऐकू जाऊ नये. एकदा तर मी जिन्यात उभी राहून वाक्य पाठ केलं, खाली गेले, तोंड उघडलं, आणि काका म्हणाले, “आलीस? बरं झालं. दिवसभर वाट बघत होतो.”

ते दिवसभर खरंच वाट बघत असत. हे मला काकूंनी सांगितलं, एकदा काका फडकं वाळत घालायला गॅलरीत गेले होते तेव्हा. “रिटायर झाल्यापासून नुसते भिंतीला डोळे लावून बसायचे गं. पुण्याला मुलाला फोन केला की तो म्हणतो, ‘बाबा, मीटिंगमध्ये आहे.’ सोसायटीने शिट्टी काढून घेतली. आता बघ, दुपारी चारपासून भांडं विसळून ठेवतात. परवा झोपेत म्हणाले, ‘उद्या डावा गाल बघायला हवा.’” काकू हसल्या. मग त्यांनी माझ्या डाव्या गालाकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांवर पिवळा चष्मा नव्हता, आणि त्यांचं हसू थांबलं. पण तेवढ्यात काका आत आले आणि शॉवर पुन्हा गप्प झाला.

शेवटी मी स्टेशनजवळच्या त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी दिवा गालाजवळ आणला आणि विचारलं, “कोण करतंय हे?”

“घरीच,” मी म्हटलं.

“हे बघ, त्वचा मुळातच जराशी आम्ल असते. तेच तिचं कवच. सोड्याने तू ते रोज धुऊन काढतेयस आणि उघड्या पडलेल्या त्वचेवर पुन्हा ॲसिड आणि रेटिनॉल. सगळं बंद. साधा फेसवॉश, साधं क्रीम, सकाळी सनस्क्रीन, बस. बरी झालीस की एक एक सुरू करू. वेगवेगळ्या रात्री, आठवड्यातून एखाद-दोनदा. आणि सोडा भजीत घालायचा, कळलं? आता थांबली नाहीस तर डाग राहतील, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस.”

मी मान हलवली. बाहेर आल्यावर रिक्षात बसून तिथेच रडून घेतलं, म्हणजे त्यांच्याकडे जाऊन रडायला नको. थांबायचं म्हणजे काय, तर रात्री आठ वाजता एका माणसाला सांगायचं की तुमचं कामच चुकीचं होतं. कारखान्याने त्यांना निदान शाल तरी दिली होती. माझ्याकडे काय होतं? आणि नाही सांगितलं तर हा चेहरा जन्मभर असाच घेऊन फिरायचं. दोन्हींपैकी एक करायचं होतं आणि मी त्या रात्रीही अंगठा वर केला.

याच सुमाराला नवरात्र आलं. आमच्या सोसायटीत नऊ दिवस गरबा असतो, आणि साउंडवाला कधीच वेळेवर येत नाही. तो येईपर्यंतचा अर्धा तास भरून काढायला महिला मंडळाने या वर्षी छोटी व्याख्यानं ठेवायचं ठरवलं. कुणाच्या तरी डोक्यात आलं की आजकाल घरोघरी मुली ही सीरम वापरतात, आणि खालचे काका त्यातले जाणकार आहेत म्हणे. सेक्रेटरी स्वतः काकांकडे गेले. पंच्यानंतर पहिल्यांदाच. विषय ठरला, ‘चेहरा आणि रसायनं: वापर व काळजी’. काका त्या रात्री इतके खूश होते की त्यांनी काकूंना शॉवरच्या कामातून सुट्टी दिली. “प्रात्यक्षिक तुझ्यावर करायचं, बाय,” ते मला म्हणाले. “माझी सगळ्यात चांगली वर्कर तू. सोड्याचं सगळ्यांना शिकवू. घरोघरी सोडा असतोच.”

घरोघरी सोडा असतोच, हे वाक्य मी रात्रभर ऐकत होते. बिल्डिंगमध्ये मुली होत्या, नुकतंच पुरळ यायला लागलेल्या. लिफ्टबाहेरच्या त्या दोघींच्याही घरी एक एक होती.

व्याख्यानाच्या आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकू प्रेक्षक म्हणून सोफ्यावर, मी स्टुलावर, सोड्याचं भांडं टीपॉयवर. खाली मांडवात कुणीतरी माइक तपासत “हॅलो, हॅलो” करत होतं. काका उभे राहिले, घसा साफ केला आणि छान बोलायला लागले. अगदी छान. डोळे, हवा, झाकण, लहान मुलं, सगळं नीट, विनोदसुद्धा दोन. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग ते म्हणाले, “आता एक अनुभव सांगतो. आमच्याकडे एक ऑपरेटर होता. माझ्याच गावचा. एकदा ॲसिडचा पाइप उघडायचं काम होतं. मी लांबून त्याला विचारलं, ठीक? त्याने अंगठा वर केला. त्याचा हातमोजा आतून फाटलेला होता. आत गेलेलं होतं, भाजत होतं. तरी त्याने अंगठा...” काकांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. “साहेबाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, असं म्हणाला मला नंतर. हॉस्पिटलात. हात गेला त्याचा.” खाली माइकवाला अजून हॅलो हॅलो करत होता. “हे उद्या नाही सांगणार,” काका म्हणाले. “बायकामुली असतील. सणाचे दिवस. काय गो?”

“नका सांगू,” काकू म्हणाल्या. त्यांनी हे आधी ऐकलेलं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळलं.

“हं. चल बाय. प्रात्यक्षिक.”

त्यांनी पिवळा चष्मा चढवला, लाल टेपची बाटली उघडली, सवयीने थेंब आधी स्वतःच्या हातावर घेतला, वाट बघितली, “काही नाही!” म्हणाले. मग माझ्या गालावर. मग फडकं सोड्याच्या पाण्यात बुडवून पिळलं आणि हलक्या हाताने, खरोखर फार हलक्या हाताने माझ्या गालावरून फिरवलं. एवढ्या जपून माझ्या चेहऱ्याला आजवर कुणी हात लावलेला नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते सोड्यात मिसळून हनुवटीवरून खाली गेलं. काका एक पाऊल मागे सरले आणि माझ्या अंगठ्याची वाट बघत उभे राहिले. मी हात मांडीवरच ठेवला. इस्त्रीच्या शर्टातले ते, हातात ते फडकं. कुणाला दुखवून घरी जायचं, एवढंच ठरवायचं होतं.

“काका,” मी म्हणाले, “झोंबतंय.”

काकू सोफ्यावरून उठल्या. काकांनी चष्मा काढला आणि माझ्या गालाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या तोंडून मालवणी आली, जी एरवी फक्त गावच्या फोनवर येते.

“कधीपासून गो चेडवा?”

ते वळून आत जायला निघाले होते, फडकं तसंच टपकत होतं. मी त्यांचं मनगट धरलं, ती राठ कातडी, आणि माझा आवाज मलाच नवीन वाटेल इतका मोठा आला.

“पहिल्या दिवसापासून. जाऊ नका ना काका. बसा इथे. सगळं सांगते.”